पऱ्हाटीतला गॅस : यंत्र घेण्याआधी समजून घेऊ

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं)



कापसाची शेवटची वेचणी झाली की शिवारात एक काम उरतं. पऱ्हाटी उपटायची. कुणी पऱ्हाटी म्हणतं, कुणी पळाटी. चार भारे चुलीसाठी घरी येतात, बाकीची धुऱ्यावर ढीग करून पेटवली जाते. तुरीच्या तुराट्या आणि सोयाबीनचं कुटार यांचंही थोडंफार तसंच.

मागच्या काही बैठकांत गटांमधून एकच प्रश्न येतो आहे. "ताई, पऱ्हाटीपासून गॅस होतो म्हणतात. ग्रामसंघानं ते यंत्र घ्यावं का?" कुणाला पापड-मसाल्याच्या कामासाठी हवं आहे, कुणाला हळद उकळायला. यंत्र कर्जावर येणार आणि कर्जाचा हप्ता आपल्या बचतीतून जाणार. म्हणून आज हे यंत्र काय करतं, काय करत नाही आणि त्यात धोका कुठे आहे, ते नीट बघू. यंत्राचं नाव गॅसिफायर.

गोबरगॅस नव्हे

आधी एक घोळ मिटवू. गोबरगॅस आपल्याला माहीत आहे. शेण आणि पाणी कालवून बंद टाकीत सोडायचं, आत हवा नसते, तिथले जिवाणू ते कुजवतात आणि मिथेन वायू तयार होतो. हे ओलं काम आहे आणि सावकाश चालतं. पऱ्हाटीसारखं लाकडी, कडक काड जिवाणूंना पचत नाही. ते टाकीत टाकलं तर महिनोन्‌महिने तसंच तरंगत राहील.

गॅसिफायरचं काम कोरडं आणि आगीचं आहे. त्यात जिवाणू नाहीत, कुजणं नाही. कोरडं काड आत टाकलं की थोड्याच वेळात पलीकडून जळणारा वायू येतो. शेण गोबरगॅसकडे, कोरडं काड गॅसिफायरकडे, एवढं लक्षात ठेवा.

फुंकणीनं काय होतं?

चूल धुमसते, घरभर धूर होतो, डोळ्यांत पाणी येतं. आपण फुंकणी घेऊन एक दमदार फुंकर मारतो आणि भप्पकन जाळ लागतो. धूर नाहीसा होतो. तो गेला कुठे? तो जळला. धूर म्हणजे न जळलेलं जळणच. त्याला हवा मिळाली आणि त्यानं पेट घेतला.

आता काडेपेटीची एक काडी पेटवून आडवी धरा आणि नीट बघा. ज्योत लाकडाला अगदी चिकटलेली नसते, मध्ये बारीकशी फट दिसते. लाकूड तापतं, त्यातून वायू निघतात आणि ते वायू हवेत येऊन जळतात. म्हणजे लाकूड जळताना आधी त्याचा गॅस होतो, मग तो गॅस जळतो. चुलीत ही दोन्ही कामं एकाच जागी, घाईगर्दीत होतात. त्यामुळे बरंचसं जळण धूर होऊन आपल्या छातीत आणि भिंतीवर जातं. गॅसिफायरमध्ये ही दोन कामं वेगळी केलेली असतात. यंत्रात गॅस तयार करायचा आणि पाइपानं नेऊन दुसरीकडे जाळायचा.

यंत्राच्या पोटात काय चालतं?

गॅसिफायर म्हणजे उभं, लोखंडी, पिंपासारखं भांडं. वरून पऱ्हाटीचे तुकडे टाकतात. हवा मोजून सोडतात. सगळी किमया हवा मोजण्यात आहे. एक किलो लाकूड पूर्ण जळायला साधारण 6 किलो हवा लागते. गॅसिफायरमध्ये त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढीच हवा देतात. आग अर्धपोटी ठेवायची आणि राख होऊ द्यायची नाही.

आत चार गोष्टी घडतात.

पहिली, वाळणं. वरच्या थरातल्या तुकड्यांमधलं उरलंसुरलं पाणी उष्णतेनं उडून जातं.

दुसरी, भाजणं. साधारण 200 अंशांच्या पुढे पऱ्हाटी काळी पडू लागते, तिच्यातून धूर आणि डांबरासारखा चिकटा बाहेर पडतो आणि मागे कोळसा उरतो. भट्टीत लाकडाचा कोळसा पाडताना असंच होतं.

तिसरी, जळणं. जिथे हवा आत येते तिथे काही धूर आणि काही कोळसा जळतो. इथे उष्णता 1,000 अंशांच्याही वर जाते. बाकीची कामं या उष्णतेवर चालतात. इथे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हे दोन्ही काही जळत नाहीत.

चौथी गोष्ट महत्त्वाची. ही न जळणारी वाफ आणि वायू लालभडक निखाऱ्यांच्या थरातून जातात. निखारा प्राणवायूचा भुकेला असतो. तो त्यांच्याकडचा प्राणवायू ओढून घेतो. कार्बन डायऑक्साइडचा होतो कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याच्या वाफेतून सुटतो हायड्रोजन. हे दोन्ही वायू जळतात. कोळशाच्या शेगडीवर निखारे फुलले की वर निळी ज्योत नाचते ना, ती याच कार्बन मोनॉक्साइडची.

एक किलो वाळल्या काडापासून अडीच ते तीन घनमीटर गॅस निघतो. त्यात पाचव्या हिश्शाच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतो, 15 ते 20 टक्के हायड्रोजन आणि एक-दोन टक्के मिथेन. जवळपास निम्मा भाग नायट्रोजन असतो. तो हवेतून आलेला असतो आणि जळत नाही. म्हणून हा गॅस पातळ आहे. गोबरगॅसच्या एका घनमीटरमध्ये जेवढी उष्णता असते, तिच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढीच याच्यात असते.

यावरून एक गोष्ट ठरते. हा गॅस सिलिंडरमध्ये भरून ठेवणं परवडत नाही. तो तयार होईल तसाच, जागेवर वापरायचा. "घरोघरी नळी देऊ" असं कुणी सांगितलं तर हात जोडा आणि नाही म्हणा. त्याचं आणखी एक मोठं कारण आहे, ते पुढे सांगते.

पऱ्हाटी जशीच्या तशी चालत नाही

यंत्राची किंमत सगळे सांगतात, पण जळण तयार करायचा खर्च कुणी सांगत नाही. खरी मेहनत तिथेच आहे.

एक, ती वाळलेली हवी. ओलावा 15 ते 20 टक्क्यांच्या आत पाहिजे. काडी वाकवली तर कडकन मोडली पाहिजे. लवत असेल तर ती ओली आहे. ओलं काड टाकलं की आतली उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते, गॅस पातळ पडतो आणि चिकटा वाढतो.

दोन, ती तोडलेली हवी. लांब काड्या आत एकमेकींत अडकतात, मध्ये पोकळी धरते आणि गॅस तुटतो. यंत्राप्रमाणे एक ते तीन इंचांचे सारखे तुकडे लागतात. त्यासाठी कटर किंवा श्रेडर लागतो, त्याची वीज किंवा डिझेल लागतं आणि तो चालवणारी दोन माणसं लागतात.

तीन, प्रत्येक काड वेगळं असतं. पऱ्हाटी आणि तुराटी लाकडासारखी आहेत, राख कमी सोडतात, म्हणून त्यातल्या त्यात सोपी. सोयाबीनचं कुटार हलकं, ते नीट खाली सरकत नाही. भाताच्या तुसात पाचवा हिस्सा राखच असते. जास्त राखेचं जळण फार तापलं की राख वितळून विटेच्या खंगरासारखे गोळे बनतात आणि जाळी बंद पडते. असं जळण दाबून कांड्या केल्या तर बरं चालतं. बाजारात त्या कांड्यांना पांढरा कोळसा म्हणतात. पण कांड्या पाडायचं यंत्रही वेगळं आणि त्याचा खर्चही वेगळा.

तोडण्याचा एक फायदा मात्र धरा. पऱ्हाटीवर राहिलेल्या कवड्यांमध्ये, म्हणजे न उमललेल्या बोंडांमध्ये, गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. म्हणून पऱ्हाटीचे ढीग शेतात किंवा घरामागे उन्हाळाभर ठेवू नका, असं कृषी विभाग सांगत असतो. वेचणी संपताच बारीक करून घेतली तर अळीचा थारा मोडतो.

थोडा हिशेब

हिशेबापुरतं धरा की चार किलो वाळली पऱ्हाटी गॅसिफायरमधून एक किलो सिलिंडरच्या गॅसचं काम करते. व्यापारी सिलिंडर 19 किलोचा. म्हणजे त्याच्या जागी साधारण 76 किलो पऱ्हाटी लागेल. कोरडवाहू शेतात एकरी सुमारे एक टन पऱ्हाटी निघते. तूट-फूट आणि ओली-सुकी वजा करून एका एकरात दहा व्यापारी सिलिंडरांचं काम आहे. हा आकडा मोठा आहे, आणि आपण त्याला धुऱ्यावर काडी लावतो.

आता दुसरी बाजू. समजा, यंत्र तासाला 20 किलो पऱ्हाटी खातं. रोज सहा तास चाललं तर 120 किलो लागली. शंभर दिवसांना 12 टन. म्हणजे बारा एकरांची पऱ्हाटी तोडून, पावसाच्या आधी छपराखाली, आगीपासून जपून ठेवावी लागेल. ती जागा आपल्याकडे आहे का?

आणि रोज 120 किलो पऱ्हाटी म्हणजे रोज 30 किलो सिलिंडर गॅसचं काम. आपल्या मसाला केंद्रात एक व्यापारी सिलिंडर तीन दिवस जात असेल, तर आपली गरज रोज सहा-साडेसहा किलोंची आहे. मग हे यंत्र रोज तास-सव्वातास चालेल आणि बाकी वेळ थंड बसेल. पुन्हा पुन्हा विझवण्या-पेटवण्यात जळण वाया जाईल आणि हप्ता मात्र पूर्ण भरावा लागेल. अशा ठिकाणी चांगली, धुराडं असलेली सुधारित भट्टी पुरते.

जिथे रोज तासन्‌तास उष्णता लागते, तिथे हे यंत्र शोभतं. हळद उकळणं, मिरची-भाजीपाला वाळवणं, फरसाणाची भट्टी, बेकरी, गुऱ्हाळ ही तशी कामं. वीज करायची असेल तर मामला आणखी अवघड होतो. इंजिनाला गॅस अगदी स्वच्छ लागतो, नाहीतर चिकटा आत जाऊन बसतो. गॅस पाण्यानं धुतला तर ते काळं पाणी विषारी असतं. ते नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडायचं नाही. म्हणून आपल्यासारख्यांनी सुरुवात उष्णतेच्या कामापासून करावी, असं माझं मत आहे.

हे कुठे चाललं, कुठे अडलं

ही युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपात पेट्रोल मिळेना, तेव्हा लाखो मोटारी आणि ट्रक मागे लाकडाचा गॅसिफायर लावून धावत होते. युद्ध संपलं, पेट्रोल आलं आणि लोकांनी ती पिंपं काढून टाकली. कारण रोज लाकूड भरा, राख काढा, चिकटा खरवडा, हे कष्ट कुणाला नको होते.

आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं यावर अनेक वर्षं काम केलं. आपल्या राज्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं उसाचं पाचट आणि चोयट्या यांच्यावर चालणारा गॅसिफायर तयार केला होता. सुंदरबनातल्या गोसाबा बेटावर 1997 साली गॅसिफायरवरचं वीज केंद्र सुरू झालं. बिहारमध्ये पश्चिम चंपारण जिल्ह्यातल्या तमकुहा गावात 2007 साली भाताच्या तुसावर वीज तयार झाली. 'हस्क पॉवर' नावाच्या कंपनीनं तिथून पुढे बऱ्याच गावांना दिवे दिले. उरलेल्या काळ्या भुकटीपासून तिथल्या बाया उदबत्त्या वळत. पुढे सौर पॅनेल स्वस्त झाले आणि ही कंपनीही सूर्याच्या विजेकडे वळली.

घरगुती शेगडीचीही एक गोष्ट आहे. महाराष्ट्रातही 'ऊर्जा' नावाची पंख्याची छोटी शेगडी विकली गेली. ती याच तत्त्वावर चालायची. काडकचऱ्याच्या दाबलेल्या गोळ्या टाकायच्या, धूर अगदी कमी. बायांना ती आवडली होती. पण गोळ्या विकतच घ्याव्या लागत. कच्चा माल महागला, गोळ्यांचा भाव वाढला आणि अनेक घरांत शेगडी माळ्यावर गेली.

दोन्हींतून एकच गोष्ट दिसते. यंत्र एकदाच विकत घ्यायचं असतं, पण जळण रोज लागतं. जळण आपल्या हातात आणि आपल्या भावात असेल तरच यंत्र टिकतं.

न दिसणारा धोका

आता ते मोठं कारण. या गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण ऐकतो. तो हाच वायू. श्वासावाटे गेला की रक्तातल्या प्राणवायूची जागा तो बळकावतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळतात, मग शुद्ध जाते. पोटुशी बाई आणि तिचं बाळ यांना तो जास्त घातक असतो.

म्हणून हे नियम पाठ करा.

यंत्र बंद खोलीत नको. चारही बाजूंनी मोकळ्या छपराखाली हवं.

ज्योत विझली आणि गॅस चालू राहिला, तर तो तसाच पसरतो. आधी पंखा आणि झडप बंद करा, मग बाकीचं बघा.

यंत्र बंद केलं तरी आतले निखारे बराच वेळ गॅस सोडत राहतात. तिथे झोपायचं नाही, लेकरं खेळू द्यायची नाहीत.

गरम असताना झाकण उघडायचं नाही. आत हवा गेली की भडका उडतो.

काम करताना दोघी असाव्यात. एकीला गरगरलं तर दुसरीनं तिला लगेच मोकळ्या हवेत न्यावं आणि 108 ला फोन करावा. "थोडं पित्त झालं असेल" म्हणून बसवून ठेवू नये.

हा वायू ओळखून शिटी वाजवणारं छोटं उपकरण मिळतं. यंत्राच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही. ते नसेल तर यंत्र सुरू करू नका.

कचरा कोणाचा?

आता गटानं खरोखर बसून बोलायची गोष्ट. आपण "शेतातला कचरा" म्हणतो. पण ज्यांना शेत नाही त्या बायांसाठी पऱ्हाटी कचरा नाही. ती त्यांची चूल आहे. अनेक गावांत शेत साफ करून देण्याच्या बदल्यात त्या पऱ्हाटी घरी नेतात. शेतकऱ्याचं शेत मोकळं होतं आणि त्यांचा पावसाळ्याचा सरपणाचा ढीग लागतो. पैशाचा व्यवहार नसतो, म्हणून तो कोणत्याच वहीत दिसत नाही.

उद्या ग्रामसंघाचं यंत्र आलं आणि पऱ्हाटीला किलोमागे भाव आला, तर शेतकरी ती विकेल. त्यात चूक काही नाही. पण मग त्या बाईनं चुलीत काय घालावं? सिलिंडर भरायला तिच्याकडे पैसे असतात का? ती लांब रानात जाईल. आपल्या यंत्राचा धूर कमी झाला आणि तिच्या डोक्यावरचा भारा वाढला, तर ग्रामसंघानं कमावलं काय?

म्हणून यंत्राच्या आधी ठराव करा. चुलीसाठी नेली जाणारी पऱ्हाटी तशीच राहील, यंत्रासाठी फक्त धुऱ्यावर पेटवली जाणारी घेतली जाईल. उपटणाऱ्या आणि वाहणाऱ्या बाईला काट्यावर वजन करून, तिच्या स्वतःच्या खात्यात पैसे मिळतील. पाला, बारीक काड्या आणि सोयाबीनचं कुटार जनावरांना आणि मातीला जाऊ द्यायचं, कारण सगळंच उचललं तर जमीन भुकेली राहते. यंत्रातून निघणारा कोळशाचा चुरा आणि राख कोणाला द्यायची, हेही तेव्हाच लिहून ठेवा. पुण्याच्या आरती या संस्थेनं उसाच्या पाचटाच्या कोळशापासून कांड्या करण्याचं तंत्र गावोगावी शिकवलं आहे, म्हणजे चुऱ्यालाही मोल आहे. तो चुरा चुलीच्या कांड्यांसाठी त्याच बायांना देता आला, तर उत्तम.

विक्रेत्याला काय विचारायचं?

वही घ्या आणि लिहा.

आमच्या पऱ्हाटीवर दिवसभर चालवून दाखवता का? लाकडाच्या सुबक ठोकळ्यांवर कोणतंही यंत्र छान चालतं.

तासाला किती किलो जळण लागतं आणि कमीत कमी किती तास चालवावं लागतं?

कटर, छप्पर, धोक्याची शिटी आणि जोडणी धरून एकूण किंमत किती?

जाळी किंवा पंखा बिघडला तर माणूस किती दिवसांत येईल? आमच्या गटातल्या दोघींना दुरुस्ती शिकवाल का?

चिकटा आणि काळं पाणी कुठे जाईल?

हेच यंत्र दोन वर्षं चालवणारं एखादं ठिकाण दाखवाल का? तिथे मालकाशी बोलाच, पण रोज राख काढणाऱ्या माणसाशी आधी बोला.

अपारंपरिक ऊर्जेचं काम राज्यात महाऊर्जा ही संस्था बघते. सध्या कोणती मदत लागू आहे, ते तिच्या कार्यालयात लेखी विचारा. तोंडी आश्वासनावर सही करू नका.

मैत्रिणींनो, या हंगामात एक काम करू. उलंगवाडीच्या वेळी प्रत्येक गटानं एका एकराची पऱ्हाटी बांधून वजन करायची. किती भारे चुलीला गेले, किती पेटवले आणि कोणी नेले, हे तीन आकडे लिहायचे. सोबत आपल्या उद्योगात महिन्याला किती सिलिंडर किंवा किती मण लाकूड लागतं, तेही लिहायचं. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हे कागद समोर ठेवू. यंत्र घ्यायचं की नाही, ते त्या आकड्यांवरून ठरवू.